फिरंगोजी नरसाळा

फिरंगोजी नरसाळा हे सतराव्या शतकातील मराठा किल्लेदार होते. पुणे प्रांतातील चाकणच्या भुईकोट किल्ल्याचे, म्हणजेच संग्रामदुर्गाचे, रक्षक म्हणून ते इतिहासात ओळखले जातात. इ.स. १६६० च्या पावसाळ्यात मोगल सुभेदार शायिस्तेखानाने या किल्ल्यास वेढा घातला. तेव्हा फिरंगोजींनी सुमारे तीनशे ते साडेतीनशे शिबंदीच्या बळावर २१ जून ते १५ ऑगस्ट असे ५६ दिवस किल्ला झुंजवला. ईशान्येचा बुरूज सुरुंगाने उडाल्यानंतरच मोगलांना आत शिरता आले. पुढे फिरंगोजी भूपाळगडाचे किल्लेदार झाले. इ.स. १६७९ मध्ये दिलेरखानाने तो गड घेतला, त्या प्रसंगीही त्यांचे नाव येते.

पूर्वपीठिका

चाकण हे पुण्याच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील गाव असून आज ते पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात मोडते. गावाचे नाव तेथील चक्रेश्वर महादेवाच्या देवस्थानावरून पडल्याची परंपरा आहे. पुण्याहून जुन्नर व नाशिककडे जाणारा रस्ता येथून जातो. अहमदनगरहून पुण्याकडे व सह्याद्रीच्या घाटांकडे येणाऱ्या फौजांनाही हे ठाणे टाळता येत नसे. त्यामुळे बहामनी काळापासून चाकणला लष्करी महत्त्व होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार याने कोकणच्या स्वारीसाठी चाकणलाच आपला मुख्य तळ केला होता. पुढे निजामशाहीच्या उत्तरकाळात पुणे, सुपे व चाकण हा मुलूख मालोजी भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आला आणि तो शहाजीराजांकडे वारशाने चालत राहिला.

फिरंगोजींच्या जन्माविषयी वा घराण्याविषयीची माहिती समकालीन कागदपत्रांत आढळत नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतील चाकणच्या कोटाचा ताबा सांभाळणारे अधिकारी म्हणूनच ते प्रथम दिसतात. जहागिरीचा कारभार पाहणारे दादोजी कोंडदेव यांचे इ.स. १६४७ मध्ये निधन झाले. त्यानंतर शिवाजी महाराजांनी जहागिरीतील ठाणी एकेक करून आपल्या प्रत्यक्ष अमलाखाली आणली. चाकणच्या बाबतीत बळाचा वापर करावा लागला नाही. फिरंगोजी महाराजांना येऊन मिळाले. महाराजांनी त्यांना किल्लेदारीवर कायम केले व आसपासच्या काही गावांचा वसुलीचा कारभारही त्यांच्याकडे सोपवला. पुढील १३ वर्षे चाकणचे ठाणे त्यांच्या हाती राहिले.

संग्रामदुर्गाची रचना

चाकणचा किल्ला डोंगरी नसून सपाट जमिनीवरील कोट आहे. स्वराज्याचे बहुतेक बळकट किल्ले सह्याद्रीच्या कड्यांवर असल्यामुळे निसर्गच त्यांचा पहिला तट होता. संग्रामदुर्गास तो आधार नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वर्णनानुसार किल्ल्याचा आकार जवळजवळ चौरस असून कोपऱ्यांवर मोठे बुरूज व मधल्या तटास लहान बुरूज होते. सभोवती सुमारे ३० फूट रुंद व १५ फूट खोल खंदक होता. त्यात पाणी मात्र केवळ उत्तर बाजूस राहत असे. आत जाण्याचा मार्ग पूर्वेकडे एकच होता आणि त्यावर लागोपाठ पाच-सहा दरवाजे होते. बाहेरच्या अंगास मातीचा आणखी एक कोट व त्याचा खंदक होता.

तट उंच असला तरी त्याचा माथा अरुंद होता आणि बुरूजही आतून आखूड होते. मोठ्या तोफेला डागल्यानंतर मागे सरकण्यासाठी जागा लागते. तशी जागा येथे नसल्यामुळे किल्ल्याची मदार लहान तोफा, जंबुरके व तोड्याच्या बंदुका यांवरच राहणे स्वाभाविक होते. वेढा कसा लढला गेला हे समजण्यासाठी ही रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे.

शायिस्तेखानाची स्वारी

नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाल्यावर शिवाजी महाराजांनी आदिलशाही मुलखात मुसंडी मारून पन्हाळा घेतला. त्याच सुमारास औरंगजेबाने आपला मामा शायिस्तेखान यास दक्षिणेच्या सुभेदारीवर नेमले होते. खान २५ फेब्रुवारी १६६० रोजी अहमदनगरहून निघाला आणि ९ मे रोजी पुण्यात दाखल झाला. इकडे आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर याने मार्च महिन्यापासून पन्हाळ्यास वेढा दिला होता व महाराज स्वतः त्या वेढ्यात अडकले होते. स्वराज्यावर एकाच वेळी उत्तरेकडून व दक्षिणेकडून अशी दुहेरी आपत्ती आली होती.

पुण्यात तळ देऊन पावसाळा काढायचा तर रसद अखंड मिळणे आवश्यक होते. पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान मराठ्यांचे तुकडे दाणागोटा लुटत आणि परतीची गावे ओस पाडत. चाकण हाती आल्यास अहमदनगरकडील मोगल मुलखातून घाट न ओलांडता सामग्री आणता येईल, असा खानाचा हिशेब होता. शिवाय सपाटीवरचा एक लहानसा कोट फार दिवस टिकणार नाही, अशीही अपेक्षा असावी. १९ जून रोजी खान पुण्याहून निघाला आणि २१ जून १६६० रोजी चाकणसमोर आला.

चाकणचा वेढा

खानाबरोबर सुमारे २० हजारांची फौज होती. किल्ल्याची पाहणी करून त्याने चारही बाजू निरनिराळ्या सरदारांना वाटून दिल्या व उत्तरेची बाजू स्वतःकडे ठेवली. मोर्चे बांधण्यात आले. तोफा उंचावरून मारा करू शकाव्यात म्हणून मातीचे दमदमे उभारण्यात आले. दक्षिणेतील मोगल किल्ल्यांमधून मोठ्या तोफा मागवण्यात आल्या.

किल्ल्यातील शिबंदी अल्प असली तरी तिचा मारा अखंड चालू राहिला. तोफा, बंदुका, बाण आणि दारू भरलेले हुक्के यांचा वर्षाव करून फिरंगोजींनी मोर्चे खंदकापर्यंत सरकू दिले नाहीत. त्यात पावसाळा सुरू झाला. संततधारेने मोगलांच्या खंदकांत व मोर्च्यांत पाणी साचले, दारू भिजली, तंबू व पालही कामास येईनात. पुण्याच्या उत्तरेकडील ही काळी जमीन पावसात गाडा, तोफ वा बैल कशालाही वाट देत नाही. त्यामुळे जड तोफांची जागा बदलणे हेच मोठे काम होऊन बसले.

१३ जुलैच्या सुमारास महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडी पोहोचले. तथापि पन्हाळा अजून वेढ्यात होता आणि चाकणभोवतीच्या फौजेशी उघड मैदानात झुंजण्याइतके सैन्य महाराजांजवळ नव्हते. चाकणला बाहेरून कुमक पोहोचू शकली नाही. फिरंगोजींना जे करायचे ते आतल्या माणसांनिशी व आतल्या दारूगोळ्यानिशीच करावे लागले.

वेढ्यातील शस्त्रे व नेमबाजी

तीनशे-साडेतीनशे माणसांनी सुमारे २० हजारांच्या फौजेला जवळजवळ दोन महिने तटाबाहेर कसे रोखले, या प्रश्नाचे एक उत्तर तत्कालीन दारूगोळ्याच्या गुणदोषांत सापडते.

त्या काळी तोफेची वा बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे व गोळा तोंडाकडून भरावा लागे. दारूची काजळी नळीत साचत जाते. त्यामुळे गोळा नळीच्या मापाचा केल्यास दोन-चार बारांनंतर तो आत उतरतच नाही. म्हणून गोळा मुद्दाम नळीपेक्षा लहान करत. शिवाय ओतीव तोफेची नळी आणि घडीव वा दगडी गोळा यांपैकी काहीच अचूक गोल नसे. या दोन्ही कारणांनी गोळा व नळी यांच्यात फट राहत असे.

या फटीचे दोन परिणाम होत. पहिला म्हणजे दारूच्या जळण्याने निर्माण होणारा वायू गोळ्याच्या बाजूने निसटून जाई आणि माऱ्याचा जोर घटे. दुसरा अधिक गंभीर होता. सैल गोळा नळीतून जाताना भिंतींवर आपटत जाई व तोंडाशी शेवटचा आपटा ज्या बाजूस बसेल त्याच्या उलट दिशेस तो निघे. गोळ्यास मिळणारी फिरकी दर बारास निराळी असल्यामुळे हवेतही त्याची वाट वळत असे. नेम धरणारा कितीही निष्णात असला तरी एकाच तोफेचे लागोपाठ दोन बार एका ठिकाणी पडतील याची शाश्वती नव्हती. युरोपात या दोषांची शास्त्रशुद्ध चिकित्सा इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी इ.स. १७४२ मधील आपल्या ग्रंथात केली. मात्र गोलंदाज व बरकंदाज यांना हे दोष अनुभवाने फार पूर्वीपासून ठाऊक होते. गोळीभोवती चिंधी वा कागद गुंडाळून फट भरणे हा त्यावरील जुना व सर्वत्र प्रचलित उपाय होय.

नळीच्या सैलपणाने होणारी चूक अंतराबरोबर वाढते. गोळी नेमापासून केवळ एक अंश ढळली, तर २०० मीटरवर ती सुमारे साडेतीन मीटर बाजूस पडते आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटर. परंतु ३० फुटांच्या, म्हणजे सुमारे नऊ मीटर रुंदीच्या खंदकापलीकडे तीच चूक १६ सेंटिमीटरच्या आसपास राहते. दूरच्या दमदम्यावरून तटाच्या अरुंद माथ्यावरील माणूस टिपणे मोगल गोलंदाजांना जवळजवळ अशक्य होते. उलट खंदकाच्या काठाशी आलेला शिपाई तटावरच्या बंदुकीतून सहसा सुटत नसे. दोन्ही बाजूंची शस्त्रे सारखीच ढिली होती, पण खंदकाने अंतर आखून दिले होते आणि ते अंतर तटावरील माणसाच्या सोयीचे होते. दारूगोळा मर्यादित असलेल्या किल्लेदारास शत्रू जवळ येईपर्यंत बार राखून ठेवणे हेच हिताचे होते.

पावसाचा परिणामही दोन्ही बाजूंस सारखा नव्हता. तोड्याच्या बंदुकीस सतत जळती वात लागते व कानात कोरडी दारू लागते. तटाच्या आत, छपराखाली व देवड्यांमध्ये हे जपता येते. उघड्या मोर्च्यातील शिपायास ते साधत नाही.

तोफांनी तटास भेग पाडणे मात्र निराळे काम आहे. तेथे नेमका एक बिंदू साधण्याची गरज नसते, पण एकाच भागावर दिवसेंदिवस मारा करावा लागतो. भिजलेल्या दारूने व चिखलात रुतलेल्या गाड्यांवरून मोगलांना ते जमले नाही. शेवटी तोफेचा नाद मागे टाकून खानाने जमिनीखालून जाण्याचा निर्णय घेतला. सुरुंगास नेमाची आवश्यकता नसते. दारू थेट बुरुजाच्या पायाखालीच नेऊन ठेवली की अंतराचा प्रश्नच उरत नाही.

बुरुजाचा पाडाव व शरणागती

खानाच्या उत्तरेकडील मोर्च्यापासून ईशान्य कोपऱ्यातील बुरुजापर्यंत भुयार खणण्यात आले. वेढ्यास ५४ दिवस होऊन गेल्यावर, १४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी तीनच्या सुमारास, सुरुंगास बत्ती देण्यात आली. बुरूज त्यावरील रक्षकांसह उडाला व तटास खिंडार पडले.

मोगल फौजेने खिंडाराकडे धाव घेतली. परंतु मराठ्यांनी आतल्या अंगास मातीचा उंच बांध आधीच घालून ठेवला होता. त्यामागून बंदुका, बाण, हुक्के व दगड यांचा मारा सुरू झाला. खिंडारातून आत येणाऱ्यांना अगदी थोड्या अंतरावरून आणि अरुंद वाटेने यावे लागत असल्यामुळे या माऱ्याने त्यांची मोठी हानी झाली. सायंकाळपर्यंत बांध ओलांडता आला नाही आणि मोगलांनी रात्र पडलेल्या दगडमातीच्या आडोशानेच काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हल्ला पुन्हा सुरू झाला व मोगल तटावर चढले. उरलेले मराठे बालेकिल्ल्यात मागे हटले. कुमकेची आशा नसल्यामुळे फिरंगोजींनी मोगलांकडील राजपूत सरदार राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन केला. मोगल बाजूच्या नोंदींनुसार त्यांचे २६८ लोक ठार व ६०० जखमी झाले. दोन्ही आकडे मिळून होणारी ८६८ ही संख्या किल्ल्यातील एकूण शिबंदीच्या दुपटीहून अधिक आहे.

शायिस्तेखानाने फिरंगोजींना सन्मानाने वागवले व बादशाही चाकरीत येण्याविषयी त्यांना सुचवले. फिरंगोजींनी ते मान्य केले नाही. खानाने त्यांना व उरलेल्या शिबंदीस जाऊ दिले. फिरंगोजी महाराजांकडे परतले. किल्ला गमावलेला असूनही महाराजांनी त्यांचा गौरव केला व पुढे भूपाळगडाची किल्लेदारी त्यांना दिली. मोगलांनी चाकणचे नाव इस्लामाबाद असे ठेवले आणि उझबेगखान यास तेथे ठाणेदार नेमले.

वेढ्याचे परिणाम

खान ऑगस्टच्या अखेरीस पुण्यास परतला. चाकण मिळाले असले तरी एका भुईकोटासाठी अख्खा पावसाळा व जवळजवळ नऊशे माणसे खर्ची पडली होती. स्वराज्यातील इतर किल्ले डोंगरावर होते. तेथे भुयार खणण्यास माती नव्हती व दमदम्यास सपाटी नव्हती. पुढील अडीच वर्षे खानाचा मुक्काम प्रामुख्याने पुण्यातच राहिला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराजांनी लाल महालावर छापा घातला आणि त्यानंतर खानाची बदली बंगालच्या सुभ्यावर झाली.

चाकणच्या लढ्याने महाराजांना १६६० चा पावसाळा मिळवून दिला, हा त्याचा दुसरा परिणाम होय. पन्हाळ्यावरील संकटाच्या ऐन काळात मोगलांची मुख्य फौज चाकणच्या चिखलात अडकून राहिली. ती त्या दोन महिन्यांत पुण्याच्या दक्षिणेस वा मावळात उतरली असती, तर दोन्ही आघाड्या एकत्र आल्या असत्या.

भूपाळगड

भूपाळगड, म्हणजे आजचा बाणूरगड, सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात आहे. स्वराज्याच्या पूर्व सीमेवरील हा गड विजापूरच्या मुलखावर लक्ष ठेवण्यासाठी महत्त्वाचा होता. मोगल स्वाऱ्यांच्या काळात भोवतालच्या गावांतील लोक आपली कुटुंबे व चीजवस्तू घेऊन त्याच्या आश्रयास येत असत.

डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे दिलेरखानाच्या छावणीत गेले. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने भूपाळगडावर चाल केली तेव्हा संभाजीराजे त्याच्या फौजेत होते. मोगलांनी जवळच्या उंचवट्यावर तोफा चढवून तटावर मारा केला व हल्ला करून गड घेतला. आत सापडलेल्या लोकांपैकी सुमारे ७०० जणांचा एकेक हात तोडण्यात आला आणि इतर अनेकांना गुलाम करण्यात आले.

समोर प्रत्यक्ष युवराज असल्यामुळे फिरंगोजींना त्या दिशेने तोफ डागणे अवघड झाले व त्यांनी गड सोडला, अशी मराठी परंपरा आहे. स्वामिपुत्रावर शस्त्र न चालवणे आणि स्वामीचा गड राखणे ही दोन कर्तव्ये येथे परस्परविरुद्ध उभी राहिली होती. चाकणला शत्रू कोण याविषयी संदेह नव्हता. भूपाळगडावर तो होता, आणि त्याची किंमत गडावरील रयतेला मोजावी लागली.

अखेर

गड गमावल्याबद्दल महाराजांनी फिरंगोजींना कठोर शासन केल्याचे, काही कथांनुसार तोफेच्या तोंडी दिल्याचे, उत्तरकालीन लेखनात आढळते. परंतु या कथांमध्ये एकवाक्यता नाही व समकालीन साधनांचा त्यांना भक्कम आधार मिळत नाही. भूपाळगडानंतरच्या मराठा लष्करी घडामोडींत फिरंगोजींचे नाव दिसत नाही.

वारसा

पुढील काळात चाकणचा कोट मोगल व मराठे यांच्याकडे आलटून पालटून राहिला. इ.स. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरच्या युद्धात इंग्रज फौजेने तो जिंकला आणि त्याचे लष्करी महत्त्व संपले. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत तट व बुरुजांचा बराच भाग ढासळला, खंदक बुजत गेला आणि वस्ती किल्ल्याला येऊन भिडली. तटाचे काही भाग, बुरुजांचे व प्रवेशमार्गाचे अवशेष आजही पाहता येतात.

कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण गेल्या काही दशकांत वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनले आहे. वाहनांच्या इंजिनासाठी सिलिंडर व दट्ट्या यांच्यातील फट मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजणारे कारखाने आज ज्या परिसरात आहेत, त्याच परिसरात १६६० मध्ये डोळ्यांना दिसेल इतक्या फटीच्या नळ्यांनी तट राखला गेला होता. महाराष्ट्रातील दुर्गप्रेमी संस्था व गिर्यारोहक संग्रामदुर्गास आवर्जून भेट देतात आणि शिवकालावरील कादंबऱ्या, नाटके व शालेय पुस्तके यांमधून फिरंगोजींचे नाव परिचित झाले आहे. किल्ला अखेरीस शत्रूच्या हाती गेला असूनही ज्याच्या किल्लेदाराची आठवण विजयाप्रमाणे जपली जाते, अशा मोजक्या लढ्यांत चाकणच्या लढ्याची गणना होते.